भूगोलाच्या कपाटातल्या कॉम्प्युटरच्या बाई

सांगायचे म्हणून किस्से कुणी गोळा करत नाही. ते रद्दीसारखे साठतात. आमच्याकडे तर ते रद्दीवरच साठलेत. आई ज्या विद्यापीठात शिकवते तिथल्या प्रिंटरचा वाया गेलेला कागद, दोन्ही कडांना भोकं असलेला, ती घरी आणते आणि मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते. पाहुण्यांसमोर मला धड बोलता येत नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, ते बरं पडतं.

विद्यापीठ पुण्यातलंच आहे. नाव लिहायचं नाही असं आईने बजावलंय. "अजून मुलाखत व्हायची आहे," हे तिचं कायमचं कारण.

झालं असं, की तिथे एके वर्षी ठरलं, आता संस्कृतपासून भूगर्भशास्त्रापर्यंत सगळ्यांनी कॉम्प्युटर शिकायचा. दहा मशीन आली, एसी आला. शिकवणारं माणूस तेवढं आलं नाही. आईने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय, म्हणून तिला एका सत्रापुरतं बोलावलं. त्याला तीन वर्षं झाली. दर सत्राला नवी ऑर्डर, मध्ये एक दिवसाचा खंड. पक्का लेक्चरर नेमला की हंगामी माणसाने जायचं, असा नियम. म्हणजे ती जागा आईला तरी मिळणार, नाहीतर आहे तेही जाणार.

माझी शाळा सदाशिव पेठेत, सकाळची. दुपारी मी बसने तिच्याकडे जाते आणि लॅबबाहेरच्या स्टुलावर गृहपाठ करत बसते. त्यामुळे यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलंय.

*

पहिल्याच दिवशी प्रश्न पडला, आईने मस्टरवर सही कुठे करायची?

संख्याशास्त्रवाले म्हणाले, "कला शाखेची मुलं आमची नाहीत." कला शाखेचे म्हणाले, "मशीन आमची नाहीत." वाणिज्यचे म्हणाले, "विचार करून कळवतो." ते अजून विचार करतायत. भूगोल विभागात एक कपाट रिकामं होतं, म्हणून शेवटी आईचं मस्टर, खडू, कागदपत्रं सगळं तिथे गेलं. ती कॉम्प्युटर शिकवते आणि सही भूगोलात करते.

त्या पहिल्या सत्रात तोंडी परीक्षेसाठी दहा प्रश्न उत्तरांसकट लिहून मागितले होते. आईने पुस्तकातून बघून सांगितले आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवले. तेव्हा मी सहावीत होते. तो कागदही त्याच कपाटात गेला.

आस्थापना विभागात देशमाने भाऊसाहेब बसतात. आईने एकदा त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, मी नक्की कुठल्या विभागाची?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही सगळ्यांच्या. म्हणजे कुणाच्याच नाही."

*

लॅबच्या दारावर पाटी आहे, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' धुळीने मशीन बिघडतात म्हणे.

संस्कृतचे भागवत सर निवृत्तीला आलेले. तरी विद्यार्थ्यांबरोबर शिकायला ते मागच्या रांगेत बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी चपला काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला आणि नमस्कार केला. आईला अवघडल्यासारखं झालं.

"अहो सर, हे देऊळ नाही."

"मग चपला कशाला काढायला लावल्यात?"

*

वैशाली मराठीत एम.ए. करत होती. मांजरीहून यायची, दोन बस बदलून. पहिले दोन आठवडे तिने की-बोर्डला बोटसुद्धा लावलं नाही. मशीनसमोर वही मांडून फळ्यावरचं उतरवून घ्यायची. मला ती आवडायची, कारण तीही कुणाशी बोलत नसे.

आईने कारण विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "माझ्या हातनं बिघडलं तर काय करू मॅडम? लई महागाचं हाय."

आईने तिची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आज काहीच शिकू नकोस. फक्त बंद कर."

वैशालीने माउस धरला, म्हणजे उंदीर पकडावा तसाच धरला. आई सांगत गेली. पडदा काळा झाला आणि आता मशीन बंद करायला हरकत नाही, अशी केशरी अक्षरं उमटली.

"झालं?"

"झालं. आता चालू कर. परत बंद कर."

त्या दुपारी तिने सात वेळा मशीन बंद केलं. मी मोजत होते. दुसऱ्या दिवशी आमच्याआधी ती दारात हजर. "मॅडम, आज चालूच ठिवू का?"

तेव्हापासून आई प्रत्येक वर्गाचा पहिला तास बंद करण्याचाच घेते. बंद करता आलं की भीती जाते, असं तिचं म्हणणं. भागवत सरांनाही तिने तो तास नव्याने करायला लावला.

*

मग एकदा जागेची जाहिरात आली, मुलाखती झाल्या आणि नाईक सर म्हणून एकांना नेमलं. आईने त्यांच्या हातात लॅबची किल्ली दिली. माणूस हुशार होता, शिकवायचाही छान. अकरा दिवस शिकवलं. बाराव्या दिवशी आले नाहीत. व्हिसा आला होता.

राजीनामा त्यांनी अमेरिकेतून ई-मेलने पाठवला. विद्यापीठात तो उघडता येणारं एकच माणूस होतं, म्हणून भाऊसाहेबांनी आईला घरून बोलावून घेतलं. आईने प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

भाऊसाहेबांनी कागद उलटून पाहिला. "सही कुठंय?"

"ई-मेलवर सही नसते, भाऊसाहेब."

"मग हा राजीनामा नाही. नाईक सर नोकरीत आहेत."

नाईक सर त्यानंतर सव्वा वर्ष नोकरीत होते. जागा भरलेली, त्यामुळे जाहिरात देता येईना. आईच्या ऑर्डरवर दर सत्राला छापून यायचं, 'श्री. नाईक यांच्या अनुपस्थितीत.' सेवाज्येष्ठतेच्या यादीतही ते एका नंबरने वर सरकले.

*

वैशाली पेढे घेऊन आली. तिला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली होती. आता तिला न्यायला कंपनीची बस यायची आणि तिचं 'हाय' जाऊन 'आहे' आलं होतं.

"मॅडम, तुम्ही पण या ना आमच्याकडे. आमच्याकडे इंटरव्ह्यू सकाळी, लेटर संध्याकाळी."

आईने पेढ्याचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "तिथे सगळ्यांना येतं गं. इथे कुणालाच येत नाही."

घरी हे बाबांना सांगितलं. बाबा बँकेत आहेत. ते पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "तुझी आई अंधारात दिवा लावते. बिल कोण भरतंय ते मात्र विचारू नका."

त्यावर कुणीच हसलं नाही, बाबासुद्धा.

*

अखेर सही केलेला राजीनामा पोस्टाने आला आणि या उन्हाळ्यात जागेची जाहिरात पुन्हा निघाली. अर्ज आले चार. मुलाखतीच्या दिवशी आली दोन माणसं, आई आणि एक टाय लावलेला मुलगा. त्याने समितीलाच विचारलं, मशीन किती जुनी, इंटरनेट किती तास, आणि "विचार करून कळवतो" म्हणून बूट घालून निघून गेला.

आता आई एकटीच उरली. तिने आदल्या दिवशी तीन वेळा साडी बदलून पाहिली होती. मला म्हणाली होती, "या वेळी होईल बघ."

उकाडा फार, म्हणून मुलाखती लॅबमध्येच ठेवलेल्या. माझ्या स्टुलाजवळ समितीच्या चपलांची रांग होती. काचेच्या पार्टिशनला वर फट आहे, आतलं सगळं ऐकू येतं. तज्ज्ञ म्हणून बाहेरच्या कॉलेजातले एक प्राध्यापक यायचे होते. ऐन वेळी फोन आला, त्यांनी कॉलेज सोडलं, कंपनीत गेले. अध्यक्ष वाणिज्यचे. त्यांना कॉम्प्युटरचं काय विचारावं सुचेना. तेव्हा देशमाने भाऊसाहेब भूगोलाच्या कपाटातून एक कागद घेऊन आले. "प्रश्न आहेत साहेब, उत्तरांसकट."

कागद माझ्यासमोरून आत गेला. गोल गोल अक्षर होतं, ओळी पट्टी लावून आखलेल्या. सहावीतल्या माझ्या.

अध्यक्षांनी पहिला प्रश्न वाचला. "ज्याने कॉम्प्युटर कधीच पाहिला नाही, त्याला सर्वप्रथम काय शिकवाल?"

"बंद करायला," आई म्हणाली.

कागद फडफडल्याचा आवाज आला. "चूक. इथे लिहिलंय, संगणकाचे मुख्य भाग व त्यांची कार्ये."

समितीत भागवत सर होते. ते म्हणाले, "मी यांच्याकडे शिकलो. बंद करण्यापासूनच. म्हणून तर मला येतं."

"सर, आपण संस्कृतचे. कागद कॉम्प्युटरचा आहे."

आईला समोरून कागद दिसत असणार. तरी तो आपलाच आहे, हे तिने सांगितलं नाही. पुढच्या प्रश्नांचीही तिने आत्ताची उत्तरं दिली, तेव्हाची नाही. दहापैकी चार बरोबर आली.

आठवड्याने नोटीस लागली, 'योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही.' खाली आईची पुढच्या सत्राची हंगामी ऑर्डर.

ती घ्यायला आम्ही गेलो, तर भाऊसाहेबांनी आधी खुर्ची दिली. तशी ते कुणाला देत नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "कागद तुमचाच होता, बाई. माहीत होतं मला, म्हणून तर आणला. पण बोललो असतो, तर उमेदवाराला प्रश्न आधीच ठाऊक होते असा शेरा पडला असता. मग हंगामीसुद्धा गेलं असतं."

"तेच माझ्या डोक्यात आलं," आई म्हणाली.

"आणि एक होतं. तो कागद आता मुलाखतीच्या फाइलला लागला. तोंडी परीक्षेला दुसरा लागेल. दहा प्रश्न, उत्तरांसकट. कपाटात ठेवून देतो."

घरी आल्यावर आईने साडीसुद्धा बदलली नाही. मी पट्टीने ओळी आखल्या आणि पेन उघडून बसले.

"पहिला प्रश्न तोच लिही," आई म्हणाली. "उत्तर बदल."