यमुनाक्कांचं ‘माहीत नाही’

तिरुवैयारूच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सचा फोन आला, तेव्हा मी आठवीच्या वर्गात समीकरणं शिकवत होते. “मॅडम बायकांशी बोलता बोलता खुर्चीतच कलंडल्या,” ती तमिळमध्ये म्हणाली आणि रडायलाच लागली. मॅडम गेल्या, हे मी समजले. नवऱ्याला, रघूला, फोन करून दोघं तसेच निघालो. आम्ही पोचलो तेव्हा यमुनाक्कांना आतल्या खाटेवर झोपवलं होतं. बाहेर सतरंजीवर पंधरा-वीस बायका तशाच बसून होत्या. त्यांतली एकही उठून घरी गेली नव्हती. ह्याला आता सहा आठवडे झाले.

यमुनाक्का रघूची थोरली बहीण, माझी नणंद. तंजावूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहिल्या. मी पुण्याहून लग्न होऊन ह्या घरात आले, तेव्हा त्यांचं तंजावुरी मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. त्या म्हणायच्या, “हास, हास. मजला तुझं कळतं. तुजला माझं कळायला वर्ष लागेल.” वर्षाहून जास्तच लागलं. बायकांच्या योनिमार्गात जे जिवाणू वस्ती करून असतात, त्यांचा अभ्यास हे त्यांचं काम. नोकरीत नमुने तपासायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावी जाऊन बायकांना समजावून सांगायच्या, की ही वस्ती म्हणजे घाण नव्हे. त्यातले चांगले जिवाणू आम्ल तयार करतात, म्हणून बाकीच्यांना तिथे फार पसरता येत नाही. जंतुनाशकानं आतून धुतलं, कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या घेतल्या, तर पहिले हेच चांगले मरतात. सुरुवातीला त्या दह्याचं उदाहरण द्यायच्या. मग एका बाईनं घरी जाऊन खरोखरच दही लावलं आणि आग होतेय म्हणून रडत प्रयोगशाळेत आली. त्या दिवसापासून अक्कांनी दह्याचं नाव काढलं नाही. “चूक माझी. तिनं ऐकलं तेच केलं,” म्हणाल्या.

पुष्कळ वर्षांपूर्वी ह्याच अक्का एका भिंतीपलीकडे झोपत होत्या आणि भिंतीअलीकडे मी वर्षभर गप्प होते. पांढरं जायचं, वास यायचा, शाळेत कुणाच्या जवळ उभं राहायची चोरी झाली होती. दिवसातून दोनदा न्हाणीघरात जंतुनाशकाचं पाणी करून धूत होते. अक्कांना सांगावं असं मनात यायचं. पण त्या नवऱ्याच्या बहीण, आणि सांगायचं तरी कुठल्या शब्दांत? तशातच मला दिवस राहिले. सहाव्या महिन्यात एका दुपारी पाणी गेलं. मुलगी झाली. संध्याकाळपर्यंत होती...

इस्पितळातून तपासणीला गेलेला माझा नमुना अक्कांच्याच टेबलावर आला. काचपट्टीवर माझं नाव होतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खाटेशी येऊन बसल्या.

“कधीपासून?”

“वर्ष झालं.”

बराच वेळ त्या माझ्या पायावरची चादर सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, “रोज परक्या बायकांना विचारते मी. घरात तुजला विचारलं नाही.”

मी एकच विचारलं. “अक्का, ह्याच्यामुळेच गेली का ती?”

“असा त्रास असलेल्या बायकांची लवकर प्रसूती झालेली जास्त दिसते. पण तुझं ह्याच्यामुळेच झालं का... माहीत नाही, शुभा. आणि कुणी नक्की सांगतो म्हणाला, तर त्याचंही ऐकू नको.”

मला त्यांचा भयंकर राग आला. कारण हवं होतं मला. अगदी माझाच दोष असता तरी चाललं असतं. निदान मुठीत धरायला काहीतरी मिळालं असतं. एवढं शिकलेलं माणूस ‘माहीत नाही’ म्हणतं, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? औषध त्यांनीच डॉक्टरांना विचारून सुरू करून दिलं, पुन्हा तपासणी केली, जंतुनाशकाची बाटली न बोलता उचलून नेली. मी कित्येक महिने कामापुरतंच बोलले. त्यांनी ते सोसलं. पुढे आम्हाला मूल झालं नाही. त्याचंही कारण त्यांनी कधी रचून सांगितलं नाही. त्या वेळी त्यांनी ‘हो, ह्याच्यामुळेच’ म्हटलं असतं, तर मी ते आजवर उरावर घेऊन फिरले असते, हे कळायला मला फार वर्षं लागली.

अलीकडे घरपोच तपासणी निघाली आहे. कापसाच्या काडीनं स्वतःच नमुना घ्यायचा, नळीत घालून कुरियरनं पाठवायचा. जिवाणूंचा डीएनए वाचून त्यांची नावं आणि टक्केवारी फोनवर येते. अक्कांना तिचं अप्रूप होतं. सूक्ष्मदर्शकाखाली आम्हाला नुसते आकार दिसतात, इथे नाव-गाव कळतं, म्हणायच्या. पण लगेच पुढे म्हणायच्या, “नाव कळलं म्हणजे अर्थ कळला, असं नाही. एकीला जे सोसतं त्याचाच दुसरीला त्रास होतो.”

ओरत्तनाडूच्या सेल्वीच्या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले होते. लग्नाला वर्ष झालं तरी दिवस राहत नाहीत, म्हणून त्या पोरीनं स्वतःच अशी तपासणी मागवली. अहवालात एक लाल वर्तुळ आलं. सासूनं ते पाहिलं, ‘वाईट जंतू’ म्हणजे वाईट चाल असा अर्थ लावला आणि तिला माहेरी धाडलं. सेल्वी फोन घेऊन अक्कांकडे आली. रविवारी आम्ही बसनं तिच्या सासरी गेलो.

सासूनं पाणी दिलं, पण बसली नाही. अक्का म्हणाल्या, “ह्या अहवालात जंतूंची नावं आहेत, अम्मा. चारित्र्य नाही. बाई कुणाकडे गेली का, हे सांगणारा एकही जंतू ह्यात नाही.” मग अक्कांनी आवाज न चढवता विचारलं, “तुम्हाला कधी असा त्रास झाला होता?”

तिनं आधी मुलाला, सेल्वीच्या नवऱ्याला, बाहेर पाठवलं. मग खाली बसली. “पहिल्या बाळंतपणापासून आहे,” म्हणाली. “विचारलं कुणी?”

पुढच्याच आठवड्यात सासू तपासून घ्यायला आली, बरीही झाली. पण सेल्वीला न्यायला तिचा नवरा आला नाही तो नाहीच. सेल्वी आता तंजावुरात एका कापड दुकानात नोकरी करते. अक्का म्हणायच्या, “सासूला समजलं, तेव्हा मी जिंकले असं वाटलं मजला. मुलाशी बोलायलाच विसरले. त्याला बाहेर जाऊ दिलं, तिथेच चुकलं.” ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

अक्कांचे दिवसकार्य झाल्यावर त्यांची खोली आवरताना उशीखाली एक लांबट वही सापडली. अक्कांना देवनागरी येत नसे. मराठीसुद्धा त्या तमिळ अक्षरांत लिहायच्या. मला ती अक्षरं नीट लागत नाहीत. रघू आयुष्यभर बायकांच्या ह्या त्रासाचा विषय निघाला की काहीतरी निमित्त काढून उठून जायचा. त्यालाच म्हटलं, वाच.

तो खाटेच्या कडेवर बसला. बायका आपला त्रास ज्या ज्या शब्दांत सांगतात, ते सगळे वहीत होते. ‘अंगावर जातं.’ ‘खालून वाहतं.’ ‘तिथे मिरची लागल्यागत.’ ‘ते... तुम्हाला कळलं ना.’ प्रत्येकासमोर अक्कांनी लिहिलं होतं, ह्याचा अर्थ काय धरायचा आणि पुढे काय विचारायचं. रघू अडखळत, पण मोठ्यानं वाचत गेला. एका पानाशी थांबला.

“इथे तुझं नाव आहे.”

“काय लिहिलंय?”

“शुभा. ‘काही नाही, अक्का.’”

“आणि समोर?”

“समोर कोरं आहे.”

कधी म्हटलं होतं मी तसं, आठवत नाही. रोजच म्हणत असेन. वही आता आमच्या खोलीत असते. संध्याकाळी रघू तिच्यातलं एखादं पान मला वाचून दाखवतो, आणि मी ते देवनागरीत उतरवून घेते.