जिथे तिथे जबडेवाला

दर बुधवारी सकाळी मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका कॉमिकच्या दुकानात जायचो. साठी उलटलेला, मफलर गुंडाळलेला मराठी माणूस तिथे काय करतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. इकडे कॉमिकचे नवे अंक बुधवारी येतात आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाचे अंक दुकानात आधीच बाजूला काढून ठेवतात. आमची दुकानदारीण माझे अंक एका खोक्यात ठेवायची. त्या खोक्यावर तिनं माझ्या आडनावाचं जे काही करून ठेवलं होतं, ते न सांगितलेलंच बरं.

हे सगळं माझ्या मुलीमुळे. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, आता दूर फ्रिस्को शहरात नोकरी करते. तिची आई होती तोवर आम्हा बापलेकीचं फोनवरचं बोलणं एका वाक्याचं होतं. तिनं माझ्या नंबरवर फोन केला की मी म्हणायचो, "थांब, आईला देतो," आणि फोन किचनमध्ये पोचवायचो. पुढे तासभर तिकडे हसणं, रडणं, साबुदाणा किती भिजवायचा, बॉसशी झालेलं भांडण, सगळं चालायचं. मला जेवताना त्याचा सारांश मिळायचा. माझ्या बहिणीचे पुण्याहून आलेले फोन, मंडळाच्या गणपतीचे फोन, डॉक्टरचे फोन, सगळे असेच किचनमध्ये जायचे.

मग तिची आई गेली. आजारी पडली आणि एका हिवाळ्यात संपलंच सगळं. आता फोन द्यायचा कुणाला?

मुलगी बुधवारी संध्याकाळी न चुकता फोन करायची. "बाबा, जेवलास?" "हो." "गोळ्या?" "घेतल्या." "ओके." "बरं." झालं! फोन ठेवला की घर असं गप्प व्हायचं की फ्रिजची घरघरसुद्धा मला सोबत वाटायची.

एकदा तिच्या जुन्या खोलीत आवराआवर करताना कॉमिकचा एक गठ्ठा सापडला. वरचा अंक सहज उघडला. नायिका कोण, तर शहरातली बस चालवणारी एक मध्यमवयीन बाई. अंगात रेनकोट. उडता येत नाही, मारामारी येत नाही. फक्त भिंतीला, पुलाला तडा जायच्या आधी तिला तो ऐकू येतो. मला बाई एकदम पटली. मी सगळी नोकरी गाड्यांच्या कंपनीत केली आणि काम एकच केलं, गाडी कुठून खडखडते ते ऐकून शोधायचं. त्या बुधवारी मी मुलीला विचारलं, "अगं, ही बाई बसचं इंजिन चालू असताना तडा ऐकते कशी?"

पलीकडे ती खो खो हसली. "बाबा! तू ते वाचलंस?"

त्या दिवशी आमचा वरण-भात गार झाला, तिचा तिकडे, माझा इकडे. मालिका अजून चालू आहे, हेही तिनंच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मी दुकान शोधून काढलं. तिकडे ती अंक घ्यायची, इकडे मी. बोलायला विषय मिळाला होता आणि तो मला काहीही करून टिकवायचा होता.

आणि मग आला तो जबडेवाला.

ही कॉमिक छापणाऱ्या कंपनीचा सगळ्यात गाजलेला सुपरहिरो. त्याचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. छाती, पंख्यासारखी उडणारी शाल आणि चौकोनी जबडा. त्याच्या स्वतःच्या तीन-चार मालिका, वर सुपरहिरोंच्या टोळीच्या मालिकेत तो, लहान मुलांच्या अंकात तो, अंतराळात तो. एकाच आठवड्यात हा एका अंकात मरायला टेकलेला, दुसऱ्यात लग्नाला उभा आणि तिसऱ्यात चंद्रावर! अरे, माणूस आहेस की मंडळाचा सेक्रेटरी? दुकानदारीण म्हणाली, तो मुखपृष्ठावर असला की अंक खपतो, म्हणून कंपनी त्याला सगळीकडे घालते. अति तिथे माती, हे त्या कंपनीला कोण सांगणार?

आमच्या बसवालीच्या अंकात तो पाहुणा म्हणून आला. त्या बाईनं अंकामागून अंक पुलाला कान लावून घालवले होते, पुलावर जाऊ नका म्हणून लोकांच्या विनवण्या केल्या होत्या. हा आला आणि एका हातानं पूल उचलून मोकळा! आयत्या बिळावर नागोबा! मी फोनवर इतका तडतडलो की मुलगी म्हणाली, "बाबा, बी.पी. वाढेल तुझं." पण हसत होती. खोटं कशाला बोलू, त्या मेल्यामुळे आमचे फोन लांबले.

पुढच्या अंकातही तो. त्याच्या पुढच्यातही. बाई कोपऱ्यात सरकत गेली, आणि एका बुधवारी दुकानदारीण म्हणाली की मालिका बंद झाली, उरलेली गोष्ट जबडेवाल्याच्या मालिकांत येईल.

बाईची काळजी होतीच, पण खरी धास्ती फोनची होती. पुन्हा "जेवलास, हो, गोळ्या, घेतल्या" यावर यायचं?

आमच्यात पोथी अर्धवट सोडत नाहीत. मी जबडेवाल्याच्या सगळ्या मालिका घ्यायला लागलो. नको असलेली ती सगळी मारामारी पान पान वाचायची, कुठे तो रेनकोट दिसतो का बघायचं आणि बुधवारी रिपोर्ट द्यायचा. "आज गर्दीत मागे दिसली, बसमध्ये. बोलली काही नाही." मुलगी म्हणायची, "अच्छा." पुढच्या बुधवारी, "आज नाही दिसली." "अच्छा."

शेवटी एकदा मी चिडून विचारलं, "तुझ्या अंकात तरी दिसली का?"

"बाबा, मी नाही घेत आता. कधीच सोडलं. तू सांगतोस ते ऐकते फक्त."

मला इतकं ओशाळं वाटलं की मी सगळा राग त्या जबडेवाल्यावर काढला. "काय डोंबल बघतात लोक त्याच्यात? प्रत्येकाच्या गोष्टीत हाच कशाला लागतो?"

"कारण तो आला की बाकीच्यांना काही करावं लागत नाही," ती म्हणाली. आणि लगेच पुढे, "आईचं पण सेम होतं ना. सगळ्यांच्या स्टोरीत आईच. शी मस्ट हॅव बीन सो टायर्ड, बाबा."

"काहीतरी बोलू नकोस," म्हणून मी फोन ठेवला.

तो आठवडा फार वाईट गेला. मला राग आला होता, आणि तो कुणाचा हे कळत नव्हतं. किचनमध्ये गेलं की बायकोचा खांद्यावर फोन दाबून पोळ्या लाटणारा पाठमोरा आकार दिसायचा. त्या बुधवारी मी दुकानात गेलो नाही. बाहेर बर्फ पडत होता. मी दिवसभर खुर्चीत बसून होतो. आज मुलीचा फोन नाही आला तर काय, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी फोन वाजला. घाईत उचलला. ती म्हणाली, "बाबा." तिच्या आवाजावरूनच कळलं, रडून झालं होतं. माझ्याजवळ सांगायला अंक नव्हता, बाई नव्हती, जबडेवालासुद्धा नव्हता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब, आईला देतो."

मी खुर्चीतून उठलोसुद्धा होतो. किचनच्या दारात फोन हातात धरून उभा राहिलो. आत अंधार होता.

"नको देऊस," ती हळूच म्हणाली. "तूच बोल."

"काय बोलू?"

"काहीही. कॉमिक नको."

मी दिवा लावला. सिंकमध्ये सकाळची एक कपबशी होती. ती विसळून ठेवली आणि म्हटलं एकदाचं, "मला करमत नाही गं."

"मला पण नाही करमत, बाबा," ती म्हणाली. मग मी तिथेच स्टूल ओढून बसलो.