वाफ्यांच्या फळ्यांना लावलेलं तेल

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बाभुळगावजवळ आमचं खेडं. घरामागच्या सांदवाडीत माझी बायको मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावायची. न्हाणीचं पाणी वाफ्यातली माती वाहून न्यायचं.

ती म्हणे, "वाफ्याभवती मातीचेच धुरे घाला ना जराशे."

"माती कायले? सागवानाच्या फळ्या ठोकतो. लोकं पाहतच राहतीन."

मी सुतार नाही. शाळा दुसरीपर्यंत. पण हातात घेतलेलं काम दुसऱ्याकडून करून घेणं मला कधी जमलं नाही. आरागिरणीवरून सालीकडच्या, स्वस्तातल्या फळ्या आणल्या, दोरी धरून रोवल्या, खुंट्या ठोकल्या. चार वाफे असे सरळ झाले की मीच दोनदा मागं जाऊन पाहिलं.

तांड्यावरचा एक म्हातारा गाडीवान माझा दोस्त होता. तो म्हणाला, "भाऊ, सालीच्या लाकडाले उधई दोन महिन्यांत खाऊन टाकते. बिब्ब्याचं तेल लाव. पण घरच्यांले हात लावू देजो नको." आणि आपल्या गाडीसाठी ठेवलेली बाटली मला दिली.

आता माझ्या बायकोला बिब्बा उतायचा. नुसता लागला तरी अंगभर फोड. म्हणून आमच्या घरी बिब्बा येतच नसे. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तिला सांगितलं असतं तर तिनं फळ्या उपटायला लावल्या असत्या. ती पाण्याला गेली तेव्हा मी तेल लावून घेतलं. म्हटलं, दोन दिवसांत वाळते.

आठ दिवसांवर उमरखेडला तिच्या एकुलत्या एक भावाचं लग्न होतं. जायच्या आधी मेथी टाकून ठेवावी म्हणून दुसऱ्याच दिवशी ती वाफ्यात बसली, फळीवर हात टेकून.

रात्रीतून हात सुजले, मग तोंड. माझी माय म्हणाली, "देवी आल्या." दाराला निंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद, तेलाचं बोट नाही, कुणी गावाला जायचं नाही. बिब्ब्यावर खोबरेल लावतात हे लहान पोरालाही कळतं. पण देवीच्या घरात तेल कोण काढणार?

आतून ती म्हणाली, "अवो, माह्ये फोड हातापासून सुरू झाले. देवी अशा येतात काय?"

"मायले समजते. तू पडून राह्य."

लग्नाच्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून होती. नवं लुगडं खुंटीवर तसंच. मी दिवसभर वावरात काढला. काम काही नव्हतं.

दोन दिवसांनी तो म्हातारा वाफे पाहायला आला आणि दारातूनच तिचे हात पाहून म्हणाला, "अहो माय, ह्या देवी नोहेत. बिब्बा उतला. खोबरेल लावा."

"आमच्या घरी बिब्बा कुठून येईन रे बाबा?" मायनं माझ्याकडं पाहिलं.

"मले काय मालूम," मी म्हणालो.

म्हातारा माझ्याकडं पाहतच राहिला. मग म्हणाला, "झाडाखालून गेली असन." माझी अब्रू त्यानं राखली. पण नंतर आमच्याकडं चहाला कधी बसला नाही.

खोबरेलानं चार दिवसांत फोड बसले. बरी झाल्यावर तिनं सगळ्यात आधी धुणं काढलं. माझ्या सदऱ्याच्या बाहीवर काळे डाग होते. बिब्ब्याचा डाग जात नाही, परीट म्हणूनच बिब्ब्यानं कपड्यावर खूण करतात. हाताला लागू नये म्हणून तिनं सदरा काडीनं उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हे निघणार नाही," ती म्हणाली.

ती थांबून राहिली. बोलायला मला भरपूर वेळ होता.

"राहू दे," मी म्हणालो, आणि तोच सदरा घालून वावरात गेलो.