गवतावर राहिलेलं झाकण

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला लिफ्टमध्ये भेटणार नाही.

सिंगापुरात, पुंगोलला आमच्या ब्लॉकखाली रहिवाशांची बाग आहे. तिच्या कोपऱ्यात, रीतसर परवानगीनं, मधमाश्यांची एक पेटी होती — रशियन जातीच्या माश्यांची. सांभाळायचो दोघं: मी आणि आमच्या शेजारच्या दारातले लिम अंकल. दोघंही नवशिके. अंकल निवृत्त, सावकाश. नियम त्यांचाच — पेटी एकट्यानं उघडायची नाही. एकानं धूर द्यायचा, म्हणजे माश्या शांत राहतात. दुसऱ्यानं चौकटी उचलायच्या.

मी भित्री आहे, हे आधीच सांगते. माश्यांना भ्यायचे? हो — पण तक्रारीला जास्त. आमचा पीआरचा, म्हणजे इथं कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज तेव्हा सरकारकडे होता. माश्यांचा घोळका उठून कुणाच्या बाल्कनीत, कुणाच्या पाळण्याशेजारी जाऊन बसला, तर नाव कुणाचं पुढे येणार?

आणि नेमकी तेव्हाच चौकटीखाली राणीघरं दिसली — भुईमुगाच्या शेंगांसारखी लोंबणारी. त्यात नवी राणी वाढते. ही घरं दिसली की अर्ध्या माश्या पेटी सोडून जातात, असं मी वाचलं होतं. अंकल म्हणाले, रशियन माश्या अशी घरं एरवीही बांधून ठेवतात, थांबू या. पण मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. मला कुठला धीर?

शनिवारी दुपारी अंकल झोपलेले असताना मी एकटीच खाली गेले. धूर पेटेना. तशीच पेटी उघडली आणि ती घरं बोटांनी ओरबाडून काढली. माश्या उसळल्या. एक तोंडावरच्या जाळीच्या आत, माझ्या कानाशी — आणि मी पळाले.

झाकण गवतावर पडलं होतं. विसरले नव्हते मी. वळून पाहिलं होतं.

माश्या निवल्या की जाऊन लावीन, असं म्हणत घरी आले, मनगटावरच्या डंखांना बर्फ लावला. मग खिडकीतून अंकल दिसले. हातात झारी — वांग्यांना पाणी घालायला निघालेले. हाक मारायची होती, एवढंच. खिडकी उघडलीसुद्धा. पण हाक सगळ्या ब्लॉकनं ऐकली असती ना? घशातून आवाज निघाला नाही... नाही, खोटं कशाला — मी काढला नाही.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्याच कुणीतरी बोलावली. अंकल वाचले. चेहरा इतका सुजला होता की डोळे सापडत नव्हते. मी लांब बाह्यांचा कुडता घालून भेटायला गेले, डंख झाकून. त्यांच्या मुलीनं मान्यच करून टाकलं होतं, की पेटी त्यांनीच उघडली आणि झाकण लावायचं विसरले. मागे एकदा त्यांच्याकडून बागेतला नळ चालू राहिला होता. तेवढा पुरावा सगळ्यांना पुरला. फक्त अंकलना पुरत नव्हता. त्यांनी मला विचारलं,

"आय फर्गेट टू क्लोज, इज इट?"

आम्ही दोघंच होतो खोलीत. त्यांना खरंच आठवत नव्हतं — जे घडलंच नाही ते आठवणार कसं? आणि मी म्हणाले, "मेबी, अंकल."

पेटी गेली. मुलीनं बागेची किल्ली काढून घेतली, मग गॅसही लावू देईना. आमचा पीआर झाला. पेढे मी त्यांच्याकडेही दिले.

अजून कुणी "अंकल काय म्हणाले माहितीये?" असं सुरू केलं, की मी हातातलं काम टाकून ऐकते. त्यांना आठवलं तर? आणि नाहीच आठवलं — तर?

सकाळी ऑफिसला निघताना बहुतेक वेळा आमची गाठ पडते. ते दार ओढून घेतात, कुलूप लावतात, लिफ्टपर्यंत येतात. मग थबकतात, मला "सॉरी, सॉरी" म्हणतात आणि कुलूप ओढून बघायला परत जातात. मी लिफ्टचं दार धरून उभी राहते.