गिरणी बंद झाल्यावर

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कोणाच्या अंगात आलं तर मी आधी त्याला पाणी देते आणि मग घरी पाठवते. त्यामुळे खाली ‘ताई, काळजी घ्या, शांती करून घ्या’ वगैरे लिहू नका. मला शांती नकोय. मी चिडलेली आहे, आणि तेच सांगायचंय.

आमची किन्हवलीत पिठाची गिरणी होती. बारावी झाले, पुढे शिकायचं म्हटलं तर वडील, आमचे आबा, म्हणाले, पुस्तकं वाचून काय करणार? गिरणीत उभी राहा. राहिले. लग्न होऊन टोकावड्याला जाईपर्यंत बारा वर्षं. आणि हा माणूस स्वतः काय करायचा? शहापूरच्या वाचनालयातून विनोदी कादंबऱ्या आणायचा आणि कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून वाचायचा! मी दळण टाकतेय, नाकातोंडात पीठ, आणि समोर आबा खांदे हलवून हसतायत. पट्ट्याच्या घरघरीत त्यांचं हसू ऐकूही यायचं नाही, फक्त दिसायचं. काय आहे म्हणून विचारलं की एकच उत्तर, कानाशी तोंड आणून –

“आता नाय ऐकू यायचं गो. गिरणी बंद झाली की सांगतो.”

संध्याकाळी गिरणी बंद व्हायची. आबा हातपाय धुऊन जेवायला बसायचे, आणि घरात तोंडातून शब्द नाही. बारा वर्षांत एक विनोद सांगितला असेल तर शपथ.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले आणि गिरणीला कायमचं कुलूप लागलं. यंदा आईला ती खोली रिकामी करून हवी होती म्हणून मी माहेरी आले. पोत्यांच्या मागे वाचनालयाचं एक पुस्तक सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने शहापूरला गेले ते परत करायला. खरं तर भांडायला. गेलेल्या माणसाच्या नावाने घरी स्मरणपत्रं पाठवत होते ना हे लोक!

वाचनालयातल्या बाई बिचाऱ्या भल्या निघाल्या. आबांना ओळखायच्या. ‘पीठवाले काका’ म्हणे, पुस्तक परत आलं की आधी झटकावं लागायचं. त्या आबांचं नाव काढून टाकायला जुनं रजिस्टर शोधत होत्या, तोवर मी टेबलावरच्या नव्या पुस्तकांतलं एक सहज उचललं. विनोदी कादंबरी. लग्नाचं वऱ्हाड चुकून दुसऱ्याच मांडवात शिरतं आणि चांगलं जेवून, आहेर देऊन परत येतं, अशी सुरुवात. मी उभ्या उभ्या हसले. इतकी, की बाईंनी वर पाहिलं.

मग सत्ताविसावं पान आलं.

आमच्याकडे वाचणाऱ्यांची एक खोड असते. पुस्तक वाचून संपलं की ठरलेल्या पानावर आपली खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी येत नाही. कोणी फुली करतं, कोणी सही. आबांची खूण म्हणजे सत्ताविसाव्या पानावर तळाशी पेन्सिलीने छोटा त्रिकोण, आत टिंब.

तो तिथे होता. पानांच्या बेचक्यात पीठ होतं... तांदळाचं. बोटांत चोळल्यावर मला कळतं, बारा वर्षं तेच केलंय. आणि त्रिकोणाखाली आबांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं –

“गिरणी बंद झाली. आता वाच.”

बाईंना एवढंच विचारलं, हे पुस्तक कधी आलं? त्या म्हणाल्या, परवा गठ्ठा सोडला, कव्हर आज सकाळी मीच घातलं, अजून कोणी नेलेलं नाही. मागचा तारखांचा कागद कोरा होता. छापल्याचं साल बघितलं, तर यंदाचं. बाईंनी ते पान पाहिलं, त्रिकोण ओळखला आणि खुर्चीत बसल्या. पण ते वाक्य त्यांना ठाऊक असणं शक्यच नाही. आईलाही ठाऊक नव्हतं. घरघरीत माझ्या कानात सांगितलेलं ते.

लॉजिक लावून दमले. कोणी चेष्टा केली म्हणावं, तर कोणी? मी त्या दिवशी तिथे जाणार, तेच पुस्तक उचलणार, हे मलाच माहीत नव्हतं.

पण भीती नाही वाटली हो, संताप आला. अहो, जिवंतपणी एक पान वाचून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? एक संध्याकाळ पुरली असती मला.

मी तिथेच माझ्या नावाने मेंबर झाले. पुस्तक माहेरी नेलं, रिकाम्या गिरणीत आबांच्या जागी बसून मोठमोठ्याने वाचलं. हसले, रडले, पुन्हा हसले. पण शेवटची चार पानं मुद्दाम ठेवलीत. संपल्याशिवाय खूण करायची नसते, आणि त्या त्रिकोणाशेजारी माझी खूण मी एवढ्यात करणार नाही.

थांबा आबा जरा. मी बारा वर्षं थांबले.