काही न्हाई, घरीच असते

अर्धांगानं वाचा गेलेल्या वडिलांना, अण्णांना, माझ्या बायकोच्या हवाली केलं आणि शुक्रवारी पहाटे पुणं सोडलं. घोडेगावचा गुरांचा बाजार बघायचा होता. पण तिथं राहणाऱ्या मावसबहिणीनं, शालनताईनं, चहाआधीच फर्मान काढलं, नगरला चल.

अपंगाला घरी सांभाळणाऱ्याला सरकार दरमहा मदत देणार, अशी बोलवा होती. ताईचा दीर बाळू ऊस भरताना ट्रकवरून पडला, तेव्हापासून कमरेखाली लुळा. चौदा वर्षं त्याला ताईच उचलते. आता तिची कंबर गेलीय. मदत मिळाली तर उचलायला माणूस ठेवायचा, एवढीच तिची आस.

म्हशी उतरवून रिकामा परतणारा टेम्पो मिळाला. मागे बाळू, त्याची चाकाची खुर्ची, आम्ही आणि म्हशींनी ठेवलेला प्रसाद. त्या वासापायी कचेरीतल्या रांगेनं आम्हाला अदबीनं वाट दिली. उभ्या उभ्या मीही अण्णांसाठी एक अर्ज घेतला आणि सांभाळणाऱ्याच्या रकान्यात झोकात स्वतःचं नाव टाकलं.

खिडकीतल्या साहेबांनी ताईला विचारलं, काय काम करता?

"काही न्हाई, घरीच असते."

आमच्याकडच्या बायका हे स्वतःच्या नावाइतकं सहज सांगतात. साहेबांनी तसंच लिहिलं आणि अर्ज परत सरकवला. काहीच करत नाही म्हणता, मग मदत कशाची? ताईचा चेहरा पडला. मी घसा खाकरला, पण बाळू आधी बोलला.

"सायेब, ही काही करत न्हाई, तर मला सकाळी संडासला कोन नेतं? तुमी येता का?"

रांग खो खो हसली. साहेबांनी मुकाट नवा अर्ज काढला. ताई खिडकीशी सरकली.

"लिवा," ती म्हणाली, "दिराला सांभाळते."

शिक्का पडला. मंजुरीचं वर ठरणार होतं. परतीला धाब्यावर शेंगोळे (कुळिथाच्या पिठाची, तिखट रश्शातली कडबोळी) खाल्ले. मला ठसका लागला, बाळूनं तीन वाट्या हाणल्या.

शनिवारी घरी आलो, तर बायको अण्णांची कूस बदलून कंबर धरत उठत होती. खिशातल्या अर्जाची लाज वाटली. माझं नाव खोडून तिचं लिहिलं आणि विचारलं, काम काय लिहू?

"काही नाही लिहा," ती चादर ओढत म्हणाली, "घरीच तर असते."

आमच्याकडे बोलायला बाळू नाही. अण्णा नुसते माझ्याकडे बघत होते.