स्लॅबचं जेवण

आई गेल्यावर अण्णा टेंभुर्णीत एकटे पडले. मी जालन्यात फ्लॅट घेतला तो खरं तर वडिलांना आमच्याकडे आणायचं म्हणूनच. ते मात्र नुसतं 'बघू' म्हणायचे, आणि अण्णांचं 'बघू' म्हणजे नकारच, हे मला लहानपणापासून पाठ होतं.

इमारत सात मजली, म्हणजे तेव्हाच्या जालन्याच्या मानाने गगनचुंबीच. भिंती, जिने, स्लॅब सगळं गावाबाहेरच्या यार्डात ओतायचं आणि ट्रकवर घालून आणायचं. मजले भराभर चढत होते. आमचा स्लॅब बसायचा दिवस ठरला तसा मी मोठ्या हौसेने अण्णांना निरोप धाडला.

आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी घरमालक मजुरांना गोडाचं जेवण घालतो. अण्णांनी घमेली उचलणारा सगळा ताफा हिशोबात धरला आणि बुंदी, पुऱ्या, भाजीची पातेली जीपमध्ये घालून आले. इथे बघतात तर एक क्रेनवाला आणि चार माणसं! क्रेनने स्लॅबचे तयार तुकडे उतरवले, माणसांनी सांधे भरले, संपलं काम. ती माणसं जेवून जेवून किती जेवणार? पातेली भरलेलीच राहिली.

अण्णांचा चेहरा पडला. "ज्यांनी घर बांधलं तेच उपाशी, आन् मी तिथं राहू? मला न्हाई जमायचं," ते म्हणाले. मी वैतागलो. जमाना बदलला वगैरे बरंच सुनावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, की मग ओततात कुठे?

जीप यार्डात नेली. तिथल्या मुकादमाने सांगितलं, तुमच्या इमारतीचा माल कधीच गेला, आता ओततोय तो दुसऱ्याच कुणाचा. मला वाटलं, झालं, आता हे सरळ गावाची वाट धरणार. पण अण्णांनी धोतर खोचलं आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

"कोणाचं का असंना. हात तर हेच हायेत ना? बसा पंगतीला."

वाळलेल्या स्लॅबांवरच पंगत बसली. ओतकाम करणाऱ्या बायका लाजत होत्या, अण्णा लग्नघरच्यासारखा आग्रह करत बुंदी वाढत होते. आईच्या माघारी त्यांना इतकं खुशीत मी पहिल्यांदाच बघत होतो.

परतताना जालन्यात राहायला येण्याचा विषय काढायचं मला धाडस होईना. धान्याच्या मोंढ्याजवळ आल्यावर अण्णाच रिकामी पातेली सावरत म्हणाले,

"मंग गावाकडनं माझी कपड्यांची पेटी कधी आणतो?"